तुमचा हुकमी स्कोअरर ऑल-कॉन्फरन्स यादीतून का गळतो? कॉलेज बास्केटबॉल सिममधल्या पुरस्कारांचा हिशेब कसा तपासायचा

कॉलेज बास्केटबॉलचा संघ चालवायच्या ऑनलाइन खेळात, म्हणजे सिममध्ये, सीझन संपतो, पुरस्कारांचं पान उघडतं आणि डोकं चक्रावतं. २०.४ पॉइंटची सरासरी असलेला तुमचा गार्ड ऑल-कॉन्फरन्सच्या (आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट म्हणजे कॉन्फरन्स, त्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंची ही यादी) तिसऱ्या संघात आणि १६.१ सरासरीचा कुणी फॉरवर्ड थेट पहिल्या संघात. पुढच्या सीझनला दुसरा खेळाडू, प्रकार तोच. गेममध्ये बग आहे, हीच शंका आधी मनात येते.

बहुतेक वेळा बग नसतो. सिममध्ये मत द्यायला पत्रकार किंवा प्रशिक्षक नसतात. तिथे एक सूत्र असतं. ते बॉक्स स्कोअरच्या, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांच्या तक्त्याच्या, रकान्यांवर चालतं, ठरलेल्या सामन्यांपुरतं चालतं आणि ठरलेल्या दिवशी एकदाच चालतं. निवड विचित्र वाटते तेव्हा आपण दुसरेच रकाने बघत असतो, किंवा दुसरेच सामने, किंवा आपला खेळाडू ज्या जागेसाठी स्पर्धेत आहे ती जागाच वेगळी असते. यातलं नेमकं काय झालंय हे तासाभराच्या कामात शोधता येतं. ते कसं, हे पुढे दिलं आहे.

नमुना म्हणून हूप्स डायनॅस्टी या कॉलेज बास्केटबॉल सिमच्या जातीचा गेम धरला आहे. तीन डिव्हिजन, संघात १२ खेळाडू, नियमित सीझनमध्ये १० नॉन-कॉन्फरन्स आणि १६ कॉन्फरन्स सामने, आक्रमणाला मोशन, फ्लेक्स, ट्रँगल, फास्टब्रेक (धावत जाऊन झटपट शॉट) आणि बचावाला मॅन-टू-मॅन, झोन, प्रेस (मैदानभर दबाव) अशा पद्धती. तुमच्या गेममध्ये नावं वेगळी असली तरी तपासायची पद्धत बदलत नाही.

आधी तुलना एकाच मापाने होतेय का ते बघा

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी वहीत किंवा शीटमध्ये एवढं लिहून काढा:

१. पुरस्कार नेमका कोणता? कॉन्फरन्सचा की देशपातळीचा, नियमित सीझनचा की स्पर्धेचा.
२. त्यात कोणते सामने धरले आहेत? सगळे २६, की फक्त कॉन्फरन्सचे १६.
३. निवड कोणत्या दिवशी झाली? कॉन्फरन्स स्पर्धेच्या आधी की नंतर.
४. यादीत किती जागा आहेत आणि त्या पोझिशनप्रमाणे वाटलेल्या आहेत का.

दुसऱ्या मुद्द्यावरच बऱ्याच तक्रारी निकाली निघतात. खेळाडूच्या पानावर २६ सामन्यांची सरासरी दिसते. त्यातले १० नॉन-कॉन्फरन्स सामने दुबळ्या संघांविरुद्ध असतील, तर ती सरासरी फुगलेली असते. कॉन्फरन्सचा पुरस्कार उरलेल्या १६ सामन्यांवर ठरत असेल, तर तुम्हाला दिसणारा २०.४ हा आकडा सूत्रापर्यंत पोहोचतच नाही. आकडेवारीच्या पानावर ‘फक्त कॉन्फरन्स’ असा फिल्टर असेल तर तो लावून सगळं पुन्हा बघा. नसेल तर १६ बॉक्स स्कोअर उघडून बेरीज करा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

सरासरी आणि एकूण बेरीज यांतही अशीच गल्लत होते. आयपीएलची ऑरेंज कॅप सर्वाधिक धावा करणाऱ्याला मिळते, सर्वाधिक सरासरीवाल्याला नाही. कित्येक सिमसुद्धा बेरीजच मोजतात. २४ सामन्यांत २० च्या सरासरीने ४८० पॉइंट होतात आणि २८ सामन्यांत १८ च्या सरासरीने ५०४. दुखापतीने चार सामने हुकलेला खेळाडू इथेच मागे पडतो. कॉन्फरन्स स्पर्धेचे सामने धरले जात असतील, तर पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्या संघाचा खेळाडूही.

शक्यतो सरासरीवर काम करूच नका, बेरजा घ्या. पानावर १६.१ असं दिसतं, तेव्हा २६ सामन्यांत ४१८ पॉइंट झालेले असू शकतात किंवा ४१९. चुरस असते तेव्हा दशांशाच्या आड लपलेला तो एक पॉइंटही निकाल फिरवतो.

पॉइंटच्या पलीकडचा हिशेब

आता मूळ तक्रारीकडे येऊ. दोन खेळाडू समोरासमोर ठेवू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, सगळे प्रति सामना. चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू म्हणजे रिबाउंड (आपल्या संघाच्या शॉटचा ऑफेन्सिव्ह, समोरच्यांच्या शॉटचा डिफेन्सिव्ह), सहकाऱ्याला बास्केटसाठी दिलेला पास म्हणजे असिस्ट, समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू म्हणजे स्टील, अडवलेला शॉट म्हणजे ब्लॉक आणि शॉट न मारताच गमावलेला चेंडू म्हणजे टर्नओव्हर.

तुमचा गार्ड: २०.४ पॉइंट. १७ शॉटपैकी ७.२ लागले, त्यांत २ थ्री पॉइंटर. ५ फ्री थ्रोपैकी ४. ऑफेन्सिव्ह रिबाउंड ०.५, डिफेन्सिव्ह २.५. असिस्ट ३, स्टील १.२, ब्लॉक ०.१, फाउल २.६, टर्नओव्हर ३.४.

समोरचा फॉरवर्ड: १६.१ पॉइंट. ११ शॉटपैकी ६.४ लागले, थ्री पॉइंटर शून्य. ४.५ फ्री थ्रोपैकी ३.३. ऑफेन्सिव्ह रिबाउंड ३, डिफेन्सिव्ह ५.६. असिस्ट १.४, स्टील १, ब्लॉक १.५, फाउल २.८, टर्नओव्हर १.८.

यांना बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ जॉन हॉलिंजर यांचा ‘गेम स्कोअर’ लावा. पॉइंट घ्या. लागलेल्या प्रत्येक शॉटचे ०.४ मिळवा. मारलेल्या प्रत्येक शॉटमागे ०.७ वजा करा आणि चुकलेल्या फ्री थ्रोमागे ०.४. मग ऑफेन्सिव्ह रिबाउंडचे ०.७, डिफेन्सिव्हचे ०.३, स्टीलचा १, असिस्टचे ०.७ आणि ब्लॉकचे ०.७ मिळवा. शेवटी फाउलचे ०.४ आणि टर्नओव्हरचा १ वजा करा. गार्डचे होतात ११.०, फॉरवर्डचे १४.४.

आता त्याहून सोपं सूत्र, साधं ‘एफिशियन्सी’. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक यांची बेरीज करायची. त्यातून चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. गार्ड १३.५, फॉरवर्ड २१.०.

दोन्हीकडे फॉरवर्ड पुढे आहे, पण अंतर बघा. गेम स्कोअरमध्ये ३.४, एफिशियन्सीमध्ये ७.५. दुसऱ्या सूत्रात प्रत्येक रिबाउंडला पुरा १ मिळतो, म्हणून उंच खेळाडू तिथे झपाट्याने वर जातात. तुमच्या कॉन्फरन्समध्ये वर्षानुवर्षं सेंटर आणि पॉवर फॉरवर्डच पुरस्कार नेत असतील, तर सूत्रात रिबाउंडला पूर्ण वजन आहे असं समजायला हरकत नाही.

गार्डचं नुकसान नेमकं कुठे होतंय तेही या मांडणीत दिसतं. सामन्याला ९.८ शॉट चुकतात, फॉरवर्डचे ४.६. त्यावर ३.४ टर्नओव्हर. ट्रू शूटिंग काढलं, म्हणजे पॉइंटना ‘शॉट अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रो’ या बेरजेच्या दुपटीने भागलं, तर गार्डचं ५२.६ टक्के येतं आणि फॉरवर्डचं ६१.३ टक्के. चार पॉइंटची आघाडी या फरकात वाहून जाते.

प्रत्यक्ष कॉलेज बास्केटबॉलमध्येही देशात सर्वाधिक सरासरी असणं पुरेसं नसतं. २००५-०६ मध्ये गोन्झागाच्या अ‍ॅडम मॉरिसनने २८.१ च्या सरासरीने देशात पहिला नंबर काढला. ड्यूकचा जे. जे. रेडिक २६.८ वर होता. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नेस्मिथ आणि वुडन हे दोन्ही पुरस्कार रेडिकला मिळाले. बास्केटबॉल लेखकांच्या संघटनेने मात्र आपला पुरस्कार दोघांत विभागून दिला. माणसं मत देतात तिथेही जर हे असं, तर सूत्राकडून ‘जास्त पॉइंट म्हणजे पहिला’ ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

तुमच्या गेमचं सूत्र कसं ताडायचं

या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. लोक एका विचित्र निवडीवरून सूत्राचा अंदाज बांधतात. एका निवडीवर कुठलंही सूत्र बसवता येतं, त्यामुळे तो अंदाज कुचकामी ठरतो.

त्याऐवजी जुने सीझन वापरा. चार सीझन आणि दहा कॉन्फरन्स घेतल्या की ४० विजेते हाती येतात. एका शीटमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सचे आघाडीचे दहा खेळाडू भरा. एका ओळीत एक खेळाडू. रकाने असे: सामने, मिनिटं, पॉइंट, शॉट मारले, शॉट लागले, फ्री थ्रो मारले, फ्री थ्रो लागले, दोन्ही रिबाउंड वेगवेगळे, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर, फाउल, संघाचे विजय, नोंदलेली पोझिशन, वर्ष. वरच्या ओळीत प्रत्येक रकान्याचं वजन लिहा आणि सम-प्रॉडक्ट फंक्शनने (प्रत्येक आकडा त्याच्या वजनाने गुणून बेरीज देणारं) प्रत्येकाचा एकूण गुणांक काढा. वजनं बदलली की सगळी क्रमवारी आपोआप बदलते.

मग फक्त विजेत्याकडे न बघता जोड्या तपासा. पहिल्या संघातले पाच आणि निवड न झालेले पाच असे घेतले, तर एका कॉन्फरन्समध्ये २५ जोड्या होतात. सूत्र बरोबर असेल तर प्रत्येक जोडीत निवडलेला खेळाडू वर दिसला पाहिजे. जिथे उलटं होतं ती उलट जोडी. पॉइंट, गेम स्कोअर, एफिशियन्सी, सगळं बेरजेने आणि सगळं सरासरीने अशी पाच-सहा सूत्रं चालवा. सर्वांत कमी उलट जोड्या ज्याच्या येतील, ते खऱ्या सूत्राच्या जवळचं.

पुढची पायरी जास्त बोलकी आहे. उरलेल्या उलट जोड्या एकत्र काढा आणि त्यांच्यात काय समान आहे ते बघा. निवडलेले खेळाडू बहुतांशी अव्वल संघांचे निघाले, तर सूत्रात विजयांना वजन आहे. सेंटर आणि गार्ड यांच्याच जोड्या उलटत असतील, तर जागा पोझिशनप्रमाणे वाटलेल्या आहेत. वगळलेल्यांनी कमी सामने खेळलेले असतील, तर हिशेब बेरजेचा आहे किंवा किमान सामन्यांची अट आहे. निवडलेल्यांचा संघ नेहमी प्रेस किंवा फास्टब्रेक खेळणारा असेल, तर सूत्र वेगाची दखल घेत नाही. एका खेळाडूवर वाद घालत बसण्यापेक्षा अशा वीस-पंचवीस उलट जोड्या चाळल्या तर दुप्पट कळतं.

एक खबरदारी घ्या. गेमच्या इंजिनात मध्येच बदल झाला असेल, तर त्याआधीचे सीझन या शीटमध्ये मिसळू नका. दोन वेगळ्या सूत्रांची खिचडी होते आणि काहीच जुळत नाही.

वेगामुळे फुगलेले आकडे

फास्टब्रेक आणि प्रेस खेळणाऱ्या संघाच्या सामन्यात पझेशन (चेंडू हाती येण्याच्या पाळ्या) जास्त होतात. पझेशन मोजायचे असे: मारलेले शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रो. एखाद्या संघाचे ५८ शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १३ टर्नओव्हर आणि २० फ्री थ्रो असतील तर पझेशन ७०.५.

आता ८० पझेशनच्या संघात २० पॉइंट करणारा आणि ६२ पझेशनच्या संघात १७ करणारा असे दोघे घ्या, मिनिटं सारखीच. संघाच्या १०० पझेशनमागे पहिल्याचे २५ पॉइंट होतात, दुसऱ्याचे २७.४. संथ खेळणाऱ्या संघातला मुलगा खरं तर सरस आहे. पण कच्च्या बेरजेवर चालणाऱ्या सूत्राला हे कळत नाही. रिबाउंड आणि स्टील यांचंही असंच होतं, कारण जास्त पझेशन म्हणजे जास्त चुकलेले शॉट आणि जास्त सैल चेंडू.

वेग काय करू शकतो याची खरी उदाहरणं आहेत. लॉयोला मेरीमाउंटने १९८९-९० मध्ये सामन्यामागे १२२.४ पॉइंट काढले. त्याच संघाच्या बो किंबलने ३५.३ च्या सरासरीने देशात पहिला क्रमांक मिळवला. त्याआधीच्या सीझनमध्ये त्यांचाच हँक गॅदर्स पॉइंट आणि रिबाउंड या दोन्ही यादींत देशात पहिला होता. डिव्हिजन तीनमध्ये ग्रिनेलच्या जॅक टेलरने २० नोव्हेंबर २०१२ रोजी एकाच सामन्यात १३८ पॉइंट केले. त्यासाठी त्याने १०८ शॉट मारले, ५२ लागले. थ्री पॉइंटर ७१ मारले, २७ लागले. तो संघ खेळतच तसा होता: सतत प्रेस, झटपट शॉट, खेळाडूंच्या तुकड्याच्या तुकड्या बदलणं.

तेव्हा पुरस्कार फास्टब्रेकवाल्या संघाकडेच जातात असं दिसलं, तर ती कुणाची लबाडी नव्हे. ते आकडे खरेच आहेत, सूत्राने फक्त त्यांना वेगाने भागलेलं नाही.

पोझिशन: भरतीच्या वेळची आणि प्रत्यक्षातली

बऱ्याच सिममध्ये ऑल-कॉन्फरन्स संघात प्रत्येक पोझिशनला ठरावीक जागा असतात. तसं आहे का, हे ओळखणं सोपं आहे. आठ-दहा कॉन्फरन्सचे पहिले संघ उघडा. प्रत्येकात बरोबर एकच सेंटर आणि एकच पॉइंट गार्ड दिसला तर जागा वाटलेल्या आहेत. कुठे चार गार्ड आणि कुठे तीन फॉरवर्ड दिसले तर नाहीत.

वाटलेल्या असतील तर घोळ होतो तो नोंदीचा. भरतीच्या वेळी खेळाडूच्या नावापुढे जी पोझिशन लिहिलेली असते, सूत्र तीच धरतं. तुम्ही डेप्थ चार्टमध्ये (कोण कोणत्या जागी खेळणार याची यादी) त्याला कुठे खेळवता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. स्मॉल फॉरवर्ड म्हणून आलेल्या मुलाला तुम्ही चारही वर्षं पॉवर फॉरवर्डला खेळवलंत, तरी पुरस्कारात त्याची गाठ स्मॉल फॉरवर्डांशीच पडते. ज्या कॉन्फरन्समध्ये त्या पोझिशनला तीन तगडे सीनियर (शेवटच्या वर्षाचे खेळाडू) आहेत, तिथे देशात दहावा असलेला खेळाडूही पहिल्या संघाबाहेर राहतो आणि दुसऱ्या पोझिशनचा तिसावा आत येतो. पुरस्कारांच्या पानावरची सर्वांत खटकणारी निवड बहुधा हीच असते.

‘देशपातळीच्या संघात आहे, पण कॉन्फरन्सच्या पहिल्या संघात नाही’ ही तक्रारही इथूनच येते. एका यादीत जागा वाटलेल्या, दुसरीत खुल्या. शिवाय एकीत १६ सामने आणि दुसरीत २६.

डिफेन्सिव्ह पुरस्कार

इथे अपेक्षा बदलण्याखेरीज गत्यंतर नाही. समोरच्याला चेंडूच मिळू न देणारा, त्याची शूटिंग ४७ टक्क्यांवरून ३८ वर आणणारा बचावपटू बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच दिसत नाही. दिसतात ते स्टील, ब्लॉक आणि डिफेन्सिव्ह रिबाउंड. म्हणून सिमचा पुरस्कार प्रेस खेळणाऱ्या संघाच्या गार्डला किंवा झोनमधल्या शॉट ब्लॉकरला जातो. मॅन-टू-मॅन खेळणाऱ्या संघाचा, डिफेन्सचं रेटिंग ९० च्या वर असलेला मुलगा रिकाम्या हाताने राहतो.

खऱ्या खेळात ड्यूकच्या शेन बॅटियेने १९९९ ते २००१ अशी सलग तीन वर्षं प्रशिक्षकांच्या संघटनेचा बचावपटू पुरस्कार मिळवला. तिथे मत देणारे प्रशिक्षक होते, त्यांना जागा पकडणं आणि चार्ज घेणं (धावत येणाऱ्याची धडक अंगावर घेऊन त्याचा फाउल मिळवणं) दिसतं. सूत्राला नाही. तुमच्या असल्या खेळाडूचं खरं मोल जाणून घ्यायचं असेल, तर प्रत्येक सामन्यात त्याच्यासमोरच्या पोझिशनचा बॉक्स स्कोअर नोंदवा. त्या विरोधी खेळाडूची सीझनची शूटिंग एका रकान्यात, तुमच्याविरुद्धची दुसऱ्या रकान्यात. दहा सामन्यांत चित्र स्पष्ट होतं.

संघाचे विजय, स्पर्धेतला सर्वोत्तम आणि बाकीचे

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार हरलेल्या संघाकडे गेला, तर लगेच तक्रार करू नका. फायनल फोरमध्ये (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. १९८३ मध्ये ह्यूस्टन अंतिम सामना हरलं आणि तरी सर्वोत्तम खेळाडू हकीम ओलाजुवॉन ठरला. १९६५ मध्ये तर प्रिन्स्टन अंतिम सामन्यातही नव्हतं. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ५८ पॉइंट करणाऱ्या बिल ब्रॅडलीला तो मान मिळाला. सिम दोन किंवा तीन सामन्यांची बेरीज करतो, आणि हरलेल्या संघाचा खेळाडू त्यात वर असू शकतो.

फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या, पुरस्कारात रेडशर्ट केलेला (एक सीझन न खेळवता राखून ठेवलेला) खेळाडू दिसला तरी गोंधळू नका. वय किंवा कॉलेजात काढलेली वर्षं मोजत नाहीत, पात्रतेचं वर्ष मोजतात. सिक्स्थ मॅनचा (बाकावरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा) पुरस्कार असेल तर सुरुवातीच्या पाचांत किती सामने खेळला तो रकाना बघा. मध्येच दुखापतीमुळे तुम्ही त्याला आठ-दहा सामने स्टार्टर केलं असेल, तर तो स्टार्टरांत गणला जातो आणि दोन्हीकडून जातो.

हातात काय आहे

सूत्राचा अंदाज आल्यावर काय बदलता येतं? सगळे शॉट वाढवायला धावतात, म्हणून आधी त्याचा हिशेब पाहू. गेम स्कोअरमध्ये लागलेला टू पॉइंटर १.७ देतो, चुकलेला ०.७ घेतो. म्हणजे २९.२ टक्क्यांच्या वर शॉट लागत असतील तर प्रत्येक जादा शॉट गुणांक वाढवतोच. थ्री पॉइंटरला तर २०.६ टक्के पुरतात. एफिशियन्सीमध्ये हेच आकडे ३३.३ आणि २५ आहेत. दोन्ही सूत्रं भरमसाट शॉट मारणाऱ्याला हात देतात, हा त्यांचा मोठा दोष आहे.

तरी फायदा किती? आपल्या गार्डला तीन जादा टू पॉइंटर दिले आणि ४० टक्के लागले, तर गेम स्कोअर ०.७८ ने वाढतो. ते तीन शॉट ५० टक्के मारणाऱ्या सहकाऱ्याचे काढून घेतले असतील, तर संघाचे सामन्यामागे ०.६ पॉइंट गेले. सूत्रात विजयांना वजन असेल तर हा सौदा अंगाशी येतो.

टर्नओव्हर मात्र रोख हिशेब आहे. एक टर्नओव्हर कमी झाला की दोन्ही सूत्रांत सरळ १ मिळतो, म्हणजे गेम स्कोअरमध्ये ४० टक्क्यांनी मारलेल्या जवळजवळ चार जादा शॉटइतका. म्हणून ३.४ टर्नओव्हरच्या गार्डसाठी पहिला उपाय डिस्ट्रिब्युशन (कोणाला किती शॉट द्यायचे ते सेटिंग) नव्हे, जागा बदलणं. बॉल हँडलिंग आणि पासिंगचं रेटिंग जास्त असलेला सहकारी पॉइंट गार्डला ठेवा आणि याला शूटिंग गार्डला सरकवा. पाच-सहा सामने बघा. टर्नओव्हर २.४ च्या आसपास आले तर तसंच चालू ठेवा.

मिनिटं हा दुसरा खात्रीचा मार्ग. ४० मिनिटांच्या सामन्यात २८ वरून ३२ मिनिटं केली की सगळ्या बेरजा १४ टक्क्यांनी वाढायला हव्यात. तेवढ्या वाढल्या नाहीत तर खेळाडू दमतोय, स्टॅमिनाचं रेटिंग बघून दोन मिनिटं कमी करा. प्रेस खेळणाऱ्या संघात हे जास्त जपावं लागतं, कारण तिथे दमणूकही जास्त आणि फाउलही. पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो, आणि फाउलमुळे बाकावर गेलेली मिनिटं गुणांकाच्या ०.४ पेक्षा कितीतरी महाग पडतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. डिस्ट्रिब्युशन, थ्री पॉइंटरचं प्रमाण आणि मिनिटं एकदम हलवलीत, तर पुढच्या पाच सामन्यांतला बदल कशामुळे झाला ते कधीच कळणार नाही.

भारतातून खेळणाऱ्यांनी वेळेचं भान ठेवावं. गेम अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेवर चालत असेल आणि समजा रात्री ९ ला सामने होत असतील, तर हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळची ७:३० असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात आणि तेच सामने आपल्या ६:३० ला होतात. तो आठवडा चुकवून डेप्थ चार्ट बदलायला सातला बसलात, तर सामना झालेला असतो, आणि बाकावर ठेवायचा दुखापतग्रस्त खेळाडू ३० मिनिटं खेळून, १७ शॉट मारून फक्त ४ लावून बसलेला असतो.

खरोखरचा बग कसा ओळखायचा

काही गोष्टी कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. सामनेच न खेळलेला खेळाडू यादीत आला. एकच खेळाडू पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही संघांत दिसला. नावाची जागा कोरी राहिली. सीनियरला फ्रेशमनचा पुरस्कार मिळाला. ट्रान्सफर झालेल्याचं नाव जुन्या कॉलेजसमोर आलं. यांपैकी काही दिसलं, किंवा तुमच्या शीटमध्ये शेकडो जोड्यांपैकी एकच जोडी प्रचंड फरकाने उलटली आणि वरचं कुठलंच कारण लागू पडलं नाही, तर कळवा.

कळवताना ‘माझा खेळाडू चांगला होता’ असं लिहून भागत नाही. वर्ल्डचं (गेममधल्या ज्या स्वतंत्र लीगमध्ये तुम्ही खेळता तिचं) नाव, सीझनचा क्रमांक, डिव्हिजन, कॉन्फरन्स, पुरस्काराचं नाव, दोन्ही खेळाडूंच्या पानांच्या लिंक, आणि वापरलेला फिल्टर सगळे २६ की कॉन्फरन्सचे १६, एवढं द्या. दोघांच्या बेरजा समोरासमोर मांडा आणि निवडलेला खेळाडू कोणत्याच रकान्यात पुढे कसा नाही ते एका ओळीत लिहा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ आली पाहिजे. आणि तो पुरस्कार जाहीर झाल्या दिवशीच काढून ठेवा. सीझन पालटला की सीनियर रोस्टरवरून जातात, फ्रेशमनपुढे सोफोमोर लागतं, कॉन्फरन्सपुरत्या आकड्यांचा फिल्टर नव्या सीझनचे शून्य सामने दाखवू लागतो, आणि तक्रारीला आधार म्हणून दाखवायचं पानच उरत नाही.